गुडघ्याची तारीख

"आजी, त्या वेळचा एखादा कागद आहे? चिठ्ठी, पत्र, काहीही चालेल. फक्त त्यावर तारीख हवी," समीक्षा म्हणाली, आणि सिप्पोराबाईंच्या हातातला चहाचा कागदी कप नकळत चेपला गेला. चार थेंब साडीवर सांडले. "नाही, तसं काही नाही," त्या म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की प्रश्न पुरता संपायच्या आतच आपण उत्तर दिलं. त्यांनी रुमाल काढून साडी पुसायला घेतली आणि डाग निघाल्यावरही बराच वेळ त्या पुसतच राहिल्या.

समीक्षाचं वकिलीचं ऑफिस म्हणजे पनवेलच्या कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. पोरगी सिप्पोराबाईंच्या लेकीपेक्षा, निरीतपेक्षाही लहान, पण माजी सैनिकांची कामं मन लावून करायची. समोरच्या इंग्रजी पत्राचा तिनं एवढ्यात दोनदा मराठीत अर्थ सांगितला होता. अर्जदार इनॉक आपटेकर यांच्या गुडघ्यांच्या सांध्यांची झीज लष्करी सेवेमुळे झालेली नाही, सेवेमुळे वाढलेलीही नाही. सेवाकाळात दुखापत झाल्याची नोंद आढळत नाही. सबब अपंगत्वाचं निवृत्तिवेतन नामंजूर. सिप्पोराबाईंचे यजमान इनॉक पलटणीतून निवृत्त होऊन घरी आले तेव्हाही असंच पत्र आलं होतं. तेव्हा ते घडी घालून ठेवून दिलं. दोन वर्षांपूर्वी काशिरामनं पुन्हा अर्ज करायला लावला, तोही परत आला. आता अपिलाची मुदत सोमवारी संपत होती, आणि आज गुरुवार होता.

"नोंद नाय म्हंजे?" शेजारच्या खुर्चीतला काशिराम फुरफुरला. गव्हाणचा हा आगरी माणूस इनॉकच्याच पलटणीत नाईक होता. आता उलव्याला त्याच्या नावाच्या दोन इमारती होत्या, तरी सुभेदारसाहेबांसमोर तो अजून खुर्चीच्या कडेवरच बसायचा. "सायबाचा पाय हीच नोंद हाय. तीन जिने उतरवून आनतो नि ठेवतो त्यांच्या टेबलावर. म्हनावं, बघा!"

समीक्षा हसली. "काका, ते पडले तेव्हा तुम्ही तिथे होता का?"

"नव्हतो. पन होतो म्हनून लिवून देतो ना. कोन इचारतो?"

"तुम्ही भरती कधी झालात ते त्यांच्याच दप्तरात आहे, काका. तीन वर्षांनी."

"हां," काशिराम म्हणाला. "त्यो बी कागदच." मग तो सिप्पोराबाईंकडे वळला. "वयनी, चला, गाडीनं सोडतो. वालाच्या शेंगा आनल्यात गव्हाणवरना, त्या पन द्यायच्यात."

"शेंगा दे. मी चालत जाते," सिप्पोराबाई म्हणाल्या.

त्यांना चालायचंच होतं. घरी पोचायला वीस मिनिटं लागत, आणि त्या वीस मिनिटांत दुसरं कुणी काही विचारणार नव्हतं. डोक्यावरून नव्या विमानतळाकडे जाणारं विमान इतकं खालून गेलं, की शेंगांची पिशवी त्यांनी छातीशी धरली. कागद नाही, असं आपण म्हणालो. आता नाही, हे तर खरंच. पण ती म्हणाली होती, त्या वेळचा. त्या वेळचा तर होता. निळं आंतर्देशीय पत्र, कडेला डिंक लावलेलं, उघडताना एखादा शब्द फाटायचाच. शेतातली नांगराची रेघ जशी दगड आला की वळते, तसं इनॉकचं अक्षर. पत्राच्या माथ्यावर हिब्रूत देवाचं नाव, कारण त्यांच्या वडिलांनी तसं शिकवलं होतं, की आधी त्याचं नाव आणि मग आपली रड. ते पत्र आता कुठे आहे हे सिप्पोराबाईंना चांगलं ठाऊक होतं. तलावापलीकडच्या आपल्या कबरस्तानात, भिंतीलगतच्या खड्ड्यात, जीर्ण प्रार्थनापुस्तकांच्या गठ्ठ्यात ते पुरलेलं होतं. देवाचं नाव असलेला कागद टाकायचा नाही, जाळायचा नाही. माणसासारखा मातीत द्यायचा. दहा वर्षांपूर्वी तलावाजवळचं जुनं घर सोडून या इमारतीत यायचं ठरलं, तेव्हा त्यांनीच बिस्किटांच्या डब्यातली सगळी पत्रं पांढऱ्या फडक्यात बांधून सिनेगॉगमध्ये नेऊन दिली. तिथले प्रार्थना चालवणारे हजान म्हणालेही, "बाई, पत्रं घरी ठेवली तरी चालतात हो." पण त्या म्हणाल्या, "नको, नाव आहे त्यावर. नव्या घरात कुणाच्या पायाखाली यायचं." किती सोवळं उत्तर. इनॉक तेव्हा दारात उभे होते, एका हातानं चौकट धरून.

तलावाच्या कठड्याशी त्या थांबल्या. या तलावाला लोक अजून इस्राएल तलावच म्हणतात, काठावर राहणारे बहुतेक इस्राएलात निघून गेले तरी. इथेच, आता जिथे टायरचं दुकान आहे तिथे, त्यांचं घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, दाराच्या उजव्या बाजूला मेझुझा, देवाच्या वचनाची बारीक डबी. येता-जाता त्याला बोट लावून ओठांशी नेलेलं इतकं अंगवळणी पडलं होतं, की नव्या घरात पहिले काही महिने बोट आपोआप विजेच्या बटणाकडे जायचं. इनॉक बर्फाळ सीमेवर होते त्या साली मुलगा यायर सात वर्षांचा, निरीत चार, आणि सासूबाई अजून घरावर राज्य करत होत्या. नव्याचा सण होऊन गेला होता, चिकाच्या हलव्याच्या वड्या अर्ध्या आळीला पोचल्या होत्या, आणि शनिवारी दारफाळणी, पापक्षमेच्या उपासाचा दिवस, आली होती. शुक्रवारी दिवस कलायच्या आत सासूबाईंनी दार लावून घेतलं, कडी घातली, खिडकीला पांढरी चादर टांगली. मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ते दार उघडायचं नाही. पांढरे कपडे, कडक उपास, आणि बाहेरच्या कुणाला स्पर्श नाही. दूधवालाही जाणून होता, त्या दिवशी तो हाकही मारायचा नाही. बाहेर काठावर दुसऱ्यांची मुलं चेंडू खेळत होती. चेंडू एकदा दारावर आदळला, आणि सासूबाईंनी प्रार्थनेतून डोळे न उघडता फक्त भुवई उचलली. त्या बंद दाराआड, उपाशी पोटी, भिंतीला टेकून बसलेल्या सिप्पोराच्या मनात आलं होतं, की यांना तिथे दारच नाही. बर्फात तंबू. यांनी आज काय लावून घेतलं असेल? हा विचार त्यांना पुढे चाळीस वर्षं पुरला, कारण नेमकं त्या वेळी, कुणालाही न सांगता उपास धरलेला हवालदार इनॉक पाठीवर रॉकेलचे डबे घेऊन चढावर निघाला होता.

पत्र बाराव्या दिवशी आलं. 'आज शिळा सण,' अशी सुरुवात होती. दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाला त्यांच्यात तसंच म्हणतात. 'काल लिहिता येत नव्हतं, सण होता. काल चढावर पाय सरकला. उजवा गुडघा खडकावर आला, त्यावर डबे आले. नारळाएवढा सुजला आहे. उपासाचं कुणाला बोललो नाही, नाहीतर म्हणतील उपाशी होता म्हणून पडला. डॉक्टरला दाखवलं तर खाली पाठवतील, आणि नायब सुभेदारीच्या यादीतून नाव जाईल. तू काय म्हणतेस?'

तू काय म्हणतेस. हे त्यांचं नेहमीचंच होतं. यायरचं नाव काय ठेवायचं, घराला रंग कोणता द्यायचा, सगळं दोन हजार किलोमीटरवरून विचारायचे. पलटणीतले हसायचे म्हणे, हवालदार कमांडरला विचारतोय. आणि सिप्पोराला त्याचं सुख वाटायचं. आळीतलं एकेक घर तेव्हा मोकळं होत होतं. आज ह्यांचं सामान बांधलं, उद्या त्यांचं. विमानतळावर पोचवायला जायचं, रडायचं, परत यायचं. जाणारे विचारत, "तुमच्या इनॉकचं काय? फौजेतच राहणार? काय मिळालं त्याला?" त्यावर तिला एकदाच, एकदाच उत्तर द्यायचं होतं. तोंडानं नव्हे. खांद्यावर तारा लावलेला नवरा सणाला सिनेगॉगच्या पायऱ्या चढताना त्यांना दिसला की झालं. तिनं त्याच दुपारी ओट्यावर बसून उत्तर लिहिलं. टपालपेटी चारला उघडायची, त्याच्या आत.

काय लिहिलं ते त्यांना पाठ होतं. एवढ्यात डॉक्टरला दाखवू नका, यादी लागू दे. आणि पुढे, फार दुखलं तर मात्र दाखवा. ही शेवटची ओळ त्यांनी आयुष्यभर रुद्राक्षाच्या मण्यासारखी, नाही, आपल्यात रुद्राक्ष कुठला, सिसितच्या झालरीतल्या गाठीसारखी बोटांत धरून ठेवली होती. पुढच्या साली तारा लागला. सणाला इनॉक पायऱ्या चढले. चढताना प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबले, आणि बघणाऱ्यांना वाटलं की रुबाब आहे. त्यांनाही तसंच वाटलं. तसंच वाटायला हवं होतं. मग उजव्याला सांभाळता सांभाळता डावाही गेला. दाखवा म्हणून लिहिलं होतं मी, त्या स्वतःला सांगत. त्यांनीच दाखवलं नाही. हट्टी माणूस.

घरी इनॉक खिडकीपाशी खुर्चीत होते, दोन्ही पाय स्टुलावर. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगून वर्ष होत आलं होतं. निरीत खारघरहून दर रविवारी येऊन भांडून जायची, यायर इस्राएलहून फोनवर ओरडायचा. इनॉकचं एकच म्हणणं. आधी लष्करानं लिहून द्यावं की हे गुडघे त्यांच्या चाकरीत गेले, मग खुशाल कापा. पैशाचं नाव काढलं तर चिडायचे. "मला त्यांचा पैसा नकोय. 'सेवेशी संबंध नाही' हे वाक्य खोडून हवंय. चोवीस वर्षं काय मी पनवेलच्या बाजारात पडलो होतो?" गेले पाच महिने ते खाली उतरले नव्हते. दारफाळणीलाही सिनेगॉगमध्ये जाता आलं नाही. घरीच, दार लावून, पांढरं नेसून बसले होते.

"या सुभेदारीणबाई. काय म्हणाली वकील?"

"कागद मागते. तारखेचा." सिप्पोराबाईंनी परात घेतली आणि शेंगा सोलायला बसल्या. "काशिराम म्हणतो, मी लिहून देतो, मी बघितलं."

"त्याला सांग, माझ्या गुडघ्यासाठी खोटी शपथ नको. आधीच उपास मोडल्याचा हिशोब वर बाकी आहे. पडल्यावर पाणी प्यायलो होतो मी."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

वालाचे दाणे परातीत पडत राहिले. एक शेंग किडकी निघाली. ती त्यांनी बाजूला ठेवली, मग पुन्हा उचलून बघितली, मग पुन्हा ठेवली. "कागद होता," त्या म्हणाल्या. आवाज आपला नाही असं वाटलं. "तुमचं पत्र. शिळ्या सणाचं. मी ते पुरायला दिलं."

"माहीत आहे. दारात उभा होतो की."

"नाव होतं त्यावर म्हणून नव्हे दिलं." त्यांनी वर बघितलं नाही. "पुढेमागे निरीत वाचेल, म्हणून दिलं. वाचलं असतं तर विचारलं असतं तिनं, आई, तू काय उत्तर लिहिलंस. म्हणून सगळीच दिली. एक उचललं असतं तर दिसलं असतं."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं यंत्र एकसारखं टुकटुकत होतं. मग इनॉक म्हणाले, "कपाटातून माझी सिसितची पिशवी आण."

प्रार्थनेला खांद्यावर घ्यायचं ते झालरीचं वस्त्र, सिसित. त्याची जांभळी मखमली पिशवी पन्नास वर्षं कपाटात त्यांच्या साड्यांच्या वरच्याच फळीवर होती. सिप्पोराबाईंनी तिची धूळ झटकली होती, तिच्या नाडीला नवा गोंडा लावला होता, पण आत हात कधी घातला नव्हता. ती पुरुषांची वस्तू. इनॉकनी वस्त्र बाहेर काढलं, मांडीवर ठेवलं, आणि तळाशी बोटं घालून एक निळा कागद काढला. घड्यांवर विरलेला. एका घडीला त्यांनी कधीतरी पलटणीतली पांढरी चिकटपट्टी लावली होती. ती पिवळी पडली होती.

"हे तुझं," ते म्हणाले. "तुझ्या पत्रावर देवाचं नाव नव्हतं, म्हणून ठेवता आलं."

पनवेल टपालाचा काळा गोल शिक्का अजून वाचता येत होता. एकोणीस ऑक्टोबर चौऱ्याऐंशी. सिप्पोराबाईंनी चष्मा लावला. अक्षर आपलंच, पण तरुण, टोकदार, घाईतलं. चारच्या आत पोचायचं होतं त्याला.

'शालोम. तुमचं पत्र मिळालं. दारफाळणीच्या दिवशी रॉकेलचे डबे नेताना तुम्ही पडलात आणि उजवा गुडघा नारळाएवढा सुजला, हे वाचून आई जेवल्या नाहीत. तुम्ही विचारता, डॉक्टरला दाखवू का. माझं म्हणणं, दाखवू नका. यादी लागायला आता दोन-तीन महिनेच उरले. तिळाचं तेल कोमट करून चोळा, पट्टी घट्ट बांधा, आणि कुणापुढे लंगडू नका. तुमच्या खांद्यावर तारा लागलेला मला बघायचा आहे. यायरचे पुढचे दोन दात पडले. निरीत तुमचा फोटो घेऊन झोपते. तुमची सिप्पोरा.'

त्यांनी कागद उलटा केला. मागे फक्त पत्ता होता. पुन्हा सुलटा केला. कडेला, जिथे जागा संपल्यावर माणसं आडवं लिहितात, तिथेही काही नव्हतं. घडीत गेली असेल म्हणून त्यांनी चिकटपट्टीखाली नख घातलं. ती ओळ कुठेच नव्हती. फार दुखलं तर मात्र दाखवा. कधी लिहिली होती मग मी? ओट्यावरून उठताना मनात आली असेल, पेटीकडे जाताना, की पेटीत टाकून परत येताना? की पुढे कितीतरी वर्षांनी, जिन्यावर त्यांची पावलं मोजताना, मागे जाऊन लिहून आलो आपण? आणि ही दुसरी ओळ, कुणापुढे लंगडू नका, ही कुणी लिहिली? ही आपण इतकी कशी विसरलो? आणि त्यांनी मात्र पाळली. सिनेगॉगच्या त्या पायऱ्या त्यांना आता दिसल्या, एकेक. प्रत्येकीवरचं ते क्षणभर थांबणं. रुबाब नव्हता तो.

"अर्जाबरोबर का नाही दिलंत?" कागद हातात धरूनच सिप्पोराबाईंनी विचारलं.

"कसं देणार? तुझं नाव आहे त्याच्यावर."

"आणि टाकलं का नाहीत?"

"तुझं नाव आहे त्याच्यावर," इनॉक पुन्हा म्हणाले, जणू दोन्ही प्रश्न एकच होते. मग ओशाळं हसले. "सिसितमध्ये गुंडाळून पुरतील ना मला, तेव्हा जाईल बरोबर, असं ठरवलं होतं. तुझ्या रागानं नाही ठेवलं गं. त्या बर्फात तेवढंच एक पत्र होतं ज्यात कुणी मला काय करायचं ते नीट सांगितलं होतं. तेल तर संपलंच होतं तिथे. पण शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्याच्या घरातली सून तेल सोडून दुसरं काय सांगणार?"

सिप्पोराबाईंना हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी अडकलं. त्यांनी परात बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षानं पत्र दोनदा वाचलं, मग फोनवर जुनं पंचांग शोधलं. "दारफाळणी म्हणजे सहा ऑक्टोबर चौऱ्याऐंशी. शनिवार. बरोबर?"

"शनिवार," सिप्पोराबाई म्हणाल्या. "दारावर चेंडू आदळला होता."

समीक्षानं तारीख लिहून घेतली.

"जमलं की मंग!" काशिराम उठून उभाच राहिला. त्यानं पत्रावर वाकून बोट फिरवलं आणि त्याचा आवाज खाली आला. "वयनी, एक बोलू? ह्या खालचा भाग झेरॉक्स काढताना झाकू या. वरचा पुरे हाय. पडला, सुजला, शिक्का. बाकी घरातली गोष्ट. त्या सायबांना कशाला?"

समीक्षा पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिली. "खालचा भाग दिला तर ते म्हणूही शकतील, की दुखापत लपवली. तो धोका आहे, आजी. पण नोंद का नाही, याचं उत्तरही तिथेच आहे. आणखी कुठेच नाही. शिवाय तुम्हाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, की हे अक्षर तुमचं आणि हा सल्ला तुमचा. ते सुनावणीत मोठ्यानं वाचतील. अनोळखी माणसांसमोर. निरीतताई येतील कदाचित."

"येईलच ती," सिप्पोराबाई म्हणाल्या. खालून झेरॉक्सच्या यंत्राची उबट वास येणारी हवा जिन्यातून वर येत होती. एवढं झाकलं की झालं. एक कागदाची पट्टी, दोन बोटं रुंद. आणि मग चाळीस वर्षं होतं तसंच सगळं. "सगळं काढ," त्या म्हणाल्या. "आणि इंग्रजी करशील ना, त्यात ते लंगडू नका म्हटलंय, ते सोडू नकोस. नीट घाल."

"घालते."

"सुनावणीत ती ओळ आधी मी वाचते, मराठीत. मग तुमचं इंग्रजी."

काशिरामनं टोपी काढली, पुन्हा घातली. "वयनी," तो म्हणाला, "तुमी फौजेत पायजे होत्या." कुणी हसलं नाही, म्हणून तोच थोडं हसला.

प्रतिज्ञापत्रावर त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. मूळ पत्र समीक्षानं प्लास्टिकच्या पाकिटात घालून फाईलमध्ये लावलं. सोमवारच्या आत अपील जाणार होतं. पुढे महिने लागतील, वर्षही लागेल, ती म्हणाली, आणि निकाल काय येईल ते तिला सांगता येत नव्हतं. जिना उतरताना सिप्पोराबाईंना वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं वाटलं नाही. फक्त हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं.

घरी इनॉक तसेच खिडकीपाशी बसले होते. सिसितची पिशवी मांडीवर. त्यांनी ती दाबून बघितली, उशी बघतात तशी. "हलकी झाली," ते म्हणाले. "आता मी बरोबर काय नेऊ?"

सिप्पोराबाई त्यांच्या शेजारच्या टेबलाकडे वळल्या. आंतर्देशीय पत्र आता घरात कुठलं असणार? निरीतच्या मुलीची वही टेबलावर पडली होती, तिचं एक पान त्यांनी फाडलं आणि ओट्याच्या जागी आता जी जेवणाची खुर्ची असते तिच्यावर बसल्या. उन्हं अजून टेबलावर होती. बाहेर एक विमान उतरत गेलं. पूर्वी असं काही लिहायला बसलं की सासूबाई विचारायच्या, काय लिहितेस गं एवढं, आणि ती म्हणायची, काही नाही, खुशाली. अक्षर तिरपं येत होतं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद इनॉकच्या हातात दिला. ते चष्मा लावून, ओठ हलवत वाचू लागले.

'शालोम. तुमचं पत्र मिळालं. गुडघा दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा. त्यांच्या कागदाची वाट बघू नका. माझ्यापुढे लंगडलात तरी चालेल. तुमची सिप्पोरा.'

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागद टेबलावर ठेवून सिप्पोराबाईंकडे सरकवला आणि वरच्या कोऱ्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"तारीख घाल," ते म्हणाले.